आखणीचा ब्रश

‘‘पण मीच का?’’

भार्गवने विचारलं आणि हातातला ओला फडका पिळता पिळता तसाच थांबला.

विसूअण्णांनी मान वर केली नाही. समोरच्या मूर्तीच्या मुकुटावर धूळ बसली होती, ती ते हलकेच फुंकत होते.

‘‘कुंदाला ताप आहे.’’

‘‘ते कळलं. पण दिगंबर आहे की!’’

‘‘दिगंबरला पोरं घाबरतात.’’

‘‘आणि मला?’’

अण्णांनी क्षणभर विचार केला. ‘‘तुला कोण घाबरतंय...’’ म्हणाले, आणि पुढच्या मूर्तीकडे वळले.

झालं. विषय संपला. अण्णांचे विषय असेच संपत. पण भार्गवच्या डोक्यात तो तिथूनच सुरू झाला.

कुंदा म्हणजे अण्णांची सून. कारखान्याशेजारच्या खोलीत ती बालवाडी चालवायची. जिल्ह्याच्या गावी कुणा जुन्या सरदाराच्या बंगल्यात चित्रांचं संग्रहालय होतं. बालवाडीतल्या मोठ्या पोरांना, म्हणजे मोठी कसली, पाच-पाच वर्षांची, ते दाखवून आणायचं तिने महिनाभर आधी ठरवलं होतं. जीप सांगून ठेवली होती. आठवडाभर पोरं उड्या मारत होती. आणि आज सकाळी बाई फणफणलेल्या.

यात न पटण्यासारखं काय होतं? काही नाही. पण भार्गवला पटलं नाही.

कारण आजपासून आखणी सुरू व्हायची होती.

गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडते, वाळते, रंगते, दागिने चढतात, पितांबराला काठ येतो. डोळे सगळ्यात शेवटी. त्या डोळे काढण्याला आखणी म्हणतात. ती होईपर्यंत देव नुसता बसलेला असतो, बघत नसतो. विसूअण्णांची आखणी पंचक्रोशीत नावाजलेली. लोक म्हणायचे, अण्णांचा गणपती घरात आला की घरातल्या माणसाने खोटं बोलायची सोय उरत नाही.

भार्गव रीतसर चित्रकलेची पदविका घेऊन इथे आला होता. कागदावर डोळे असे काढायचा की परीक्षक बघत राहायचे. अण्णांकडे त्याला सहा वर्षं झाली. त्याने शाडू मळला, साचे भरले, सोंडा घासल्या, मुकुट रंगवले. डोळ्यांना मात्र हात नाही. आखणीच्या दिवसांत अण्णा कोपऱ्यातल्या खिडकीशी सगळ्यांकडे पाठ करून बसायचे. हात कसा चालतो ते कुणाला दिसायचं नाही. मूर्ती मागे फिरवली की डोळे तयार!

का पाठ करून बसतात? भार्गवने या प्रश्नाचा सहा वर्षं कीस काढला होता.

मागायची तर बातच नाही. जुना कारागीर वामन कारखाना सोडून गेला, तेव्हा जाता जाता त्याने भार्गवला बाजूला घेतलं होतं. ‘‘एक लक्षात ठेव. आखणीचा ब्रश मागायचा नसतो. जो मागेल त्याला अण्णा जन्मात देणार नाहीत. तुझी पारख चालू असते. गप राहायचं आणि ओळखायचं.’’

तेव्हापासून भार्गव गप राहून ओळखत होता. अण्णांनी चहात साखर जास्त घातली तरी तो विचार करायचा, यातून काय सुचवायचंय? अण्णा शिंकले तरी त्याला वाटायचं, ही माझ्यासाठी होती.

आणि आज, नेमकं आज, त्याला पोरं घेऊन गावाला पाठवत होते. मागे कोण राहणार? दिगंबर. अण्णांचा पुतण्या. दोन वर्षांपूर्वी आलेला, ज्याला अजून पितांबराच्या निऱ्या धड जमत नव्हत्या तो.

भार्गवच्या मनात पाल चुकचुकली.

तो तोंड उघडून काही बोलणार होता. ते त्याने तसंच मिटलं.

‘‘जातो,’’ म्हणाला.

‘‘पाण्याच्या बाटल्या घे,’’ अण्णा म्हणाले.

यातही काहीतरी असणार, असं भार्गवला वाटलं.

*

जीपमध्ये पाच पोरं होती. ओवी पुढे, खिडकीशी. रेहान आणि ध्रुव मागे. आणि दोघी जुळ्या, ज्या एकमेकींच्या वेण्या धरून बसल्या होत्या आणि ज्यांच्यातली कोण कुठली हे कुंदाशिवाय कुणालाच कळत नसे.

‘‘दादा, संग्रहालयात काय असतं?’’ ओवीने विचारलं.

‘‘चित्रं.’’

‘‘कुणाची?’’

‘‘मोठमोठ्या लोकांची.’’

‘‘ते लोक घरी का नाही ठेवत?’’

‘‘मेले ते.’’

‘‘सगळे?’’ रेहान मागून ओरडला. त्याला फारच मजा वाटली.

भार्गवचं लक्ष नव्हतं. त्याने दिगंबरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

एरवी हा माणूस फोन कानाला चिकटवून फिरतो. आज उचलत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. भार्गवला डोळ्यांसमोर लख्ख दिसायला लागलं... खिडकी, अण्णा, आणि अण्णांच्या शेजारी पाटावर मांडी घालून बसलेला दिगंबर.

सहा वर्षं! एखाद्याने सहा वर्षं दारात बसावं आणि मागच्या दाराने दुसऱ्यालाच आत घ्यावं, हा कुठला न्याय?

मग दुसरा विचार आला, आणि तो त्याला जास्त आवडला. अण्णा एवढे साधे नाहीत. उगाच कुणाला कुठे पाठवणार नाहीत. त्या संग्रहालयात काहीतरी आहे. मला ते शोधायचंय. ही पारख आहे!

जीपवाला म्हणाला, ‘‘दादा, खाली बघा.’’

ध्रुवने मागून सीटच्या फटीतून हात घालून पाण्याची बाटली भार्गवच्या बुटात ओतली होती.

*

संग्रहालयाच्या दारात तावडे नावाचा पहारेकरी उभा होता. टोपी, जाड मिशा, आणि साऱ्या जगावर अविश्वास. पोरं बघून त्याचा चेहरा असा झाला की जणू दारात पाच बकऱ्या आल्यात आणि आतमध्ये नुकतीच बाग लावलीय.

‘‘परवानगी?’’

भार्गवने सांगितलं. आतून कुणीतरी हो म्हणालं.

‘‘खिसे दाखवा.’’

‘‘अहो, लहान आहेत ती.’’

‘‘लहानच असतात. गेल्या साली असल्याच एकाने सरदारांच्या आजोबांना पेनाने चष्मा काढला.’’

पोरं खुदकन हसली. तावडे हसला नाही. त्याने खिसे तपासले. अर्धं बिस्कीट निघालं, एक मणी निघाला, खेळण्यातल्या गाडीचं चाक निघालं. चाक त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि नाइलाजाने परत दिलं.

‘‘हाताची घडी. कशालाही हात लावायचा नाही. दोरीच्या अलीकडे राहायचं.’’

पोरांनी घडी घातली. एकीने चुकून बहिणीच्याच हाताची घातली.

आत गारवा होता. उंच भिंती, जुन्या लाकडाचा वास, आणि रांगेने लावलेले सोनेरी चौकटीतले लोक. तावडे मागून चालत होता. भार्गव पुढे थांबला की तोही थांबायचा. तो पोरांवर डोळे ठेवून होता, भार्गव चित्रांवर. एकाचाही पोरांच्या बोलण्याशी संबंध नव्हता.

आणि पोरं तर बोलत सुटली होती.

एका राणीच्या नाकात तळहाताएवढी नथ होती. ‘‘ही जेवते कशी?’’ रेहानने विचारलं.

लढाईच्या चित्रात एक घोडा कोसळला होता. ‘‘त्याला लागलं का?’’ ध्रुवने विचारलं. ‘‘मग त्याला कुणी उचललं?’’

जुळ्या आंब्यांच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. ‘‘आम्हाला दे ना,’’ एकीने चित्रालाच सांगितलं. चित्राने दिले नाहीत. दोघी थोडा वेळ थांबल्या, मग पुढे गेल्या. राग नाही, रुसवा नाही.

‘‘हो, हो,’’ भार्गव प्रत्येकाला म्हणत होता.

तो शोधत होता. नथ? नथीतून अण्णांना काय सांगायचं असेल? घोडा? पडलेला घोडा म्हणजे मी का? तो चित्राच्या इतका जवळ गेला की नाक रंगाला लागायचं बाकी राहिलं. मग त्याने चौकट भिंतीपासून किंचित बाजूला करून मागे डोकावून पाहिलं.

‘‘साहेब!’’ तावडेचा आवाज आला. ‘‘मागे काही नाही. भिंत आहे.’’

‘‘मी सहज...’’

‘‘सहज कुणी मागे बघत नाही. तुम्ही काय शोधताय?’’

काय सांगणार, कपाळ? भार्गव पुढे सटकला. आता तावडेचा डोळा पोरांवरून उठून त्याच्यावर बसला.

‘‘काका,’’ ओवीने तावडेचा शर्ट ओढला. ‘‘तुझी टोपी मला दे.’’

‘‘काय?’’

‘‘टोपी. घालून बघते आणि परत देते.’’

तावडेने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हिचा यात काय डाव असेल, याचा त्याने मनापासून विचार केला असावा. डाव काही सापडेना.

भार्गवला हे दिसलं नाही. तो कोपऱ्यातल्या लहान दालनात शिरला होता आणि तिथे त्याचे पाय खिळले होते.

*

तिथे एकच चित्र होतं.

खुर्चीत बसलेली एक बाई. लुगड्याच्या काठातला वेलबुट्टीचा धागान् धागा रंगवलेला. बोटातल्या अंगठीवर उजेडाचा ठिपका. गळ्यातली मोत्यांची माळ हातात घ्यावीशी वाटेल अशी. आणि चेहरा... चेहऱ्यावर डोळे नव्हते. जागा मोकळी. कोळशाच्या दोन पुसट रेघा, बस.

खाली पट्टीवर लिहिलं होतं, ‘अपूर्ण’.

भार्गवच्या अंगावर काटा आला.

सापडलं!

हेच. यासाठीच पाठवलं त्यांनी मला. कुंदाला ताप, दिगंबरला पोरं घाबरतात, सगळी बतावणी! अण्णा, अण्णा, केवढे तुम्ही...

त्याचा राग पाण्यासारखा वाहून गेला. त्याला चित्रकार दिसायला लागला. सगळं झाल्यावर डोळ्यांशी अडलेला, रोज ब्रश उचलून रोज खाली ठेवणारा. डोळे हाताने काढायचे नसतात. ते यावे लागतात. आले नाहीत तर थांबायचं. मरेपर्यंत थांबायचं. सहा वर्षं म्हणजे काय! आपण किती उतावळे, किती क्षुद्र! गुरूवर संशय घेतला!

भार्गवच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खोटं कशाला सांगा, त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. दिगंबरला तर नाहीच.

शर्टाला कुणीतरी हिसका दिला.

‘‘दादा, आम्ही त्या दारातून...’’

‘‘हो, हो.’’

‘‘जाऊ?’’

‘‘हो रे बाबा.’’

मग छान शांतता झाली. भार्गव त्या शांततेत डुंबत राहिला. किती वेळ, देव जाणे.

शांतता जरा जास्तच आहे, हे त्याला उशिरा कळलं.

त्याने वळून पाहिलं. दालन रिकामं. बाहेर आला. राणी होती, घोडा होता, आंबे होते. पोरं नव्हती. तावडेही नव्हता.

तो हाका मारत सुटला.

‘‘ओवी! रेहान!’’

त्याचाच आवाज उंच छतावरून परत आला. तो दारापर्यंत पळाला. जीपवाला एकटाच गाडीत डुलक्या काढत होता. भार्गव परत आत पळाला. पायातला ओला बूट फचफचत होता. आणि मनात काय काय यावं माणसाच्या! तो तावडे. खिसे तपासणारा. मघापासून मागे मागे फिरणारा. टोपीखालचे ते डोळे. त्याचा चेहरा मला तेव्हाच बरा वाटला नव्हता! पोरांच्या आयांना काय सांगू? कुंदाला काय सांगू?

जिन्याखाली एक लहान दार होतं. ते किलकिलं होतं. आतून हसण्याचा आवाज आला.

भार्गवने दार ढकललं.

आतमध्ये अडगळ होती. प्लास्टरचे तुटके पुतळे, एक घोड्याचं डोकं, एक नुसता हात. मधोमध एक पाऊल पडलं होतं, केवढं तर पोराला वर झोपता येईल एवढं. कुठल्या पुतळ्याचं कुणास ठाऊक, बाकीचा पुतळा नव्हताच. ध्रुव त्याच्या अंगठ्यावर घोडा घोडा खेळत होता. जुळ्या बोटांच्या फटीत बसल्या होत्या. रेहान टाचेला गुदगुल्या करत होता आणि पाऊल हसतंय का ते बघत होता. ओवीच्या डोक्यावर पहारेकऱ्याची टोपी होती, नाकापर्यंत उतरलेली.

आणि तावडे जमिनीवर बसला होता. बोडका. मिशीला पांढरी भुकटी लागलेली.

‘‘हे काय चाललंय?’’ भार्गव ओरडला.

पोरं चपापली. तावडे गडबडीने उठला.

‘‘काही नाही साहेब. इथे हात लावला तर चालतं. टाकाऊ आहे हे.’’

‘‘तुम्ही यांना इथे आणलंत कशाला?’’

‘‘ही म्हणाली, दार उघड.’’

‘‘मग?’’

‘‘उघडलं.’’

‘‘असंच?’’

‘‘किल्ली होती माझ्याकडे,’’ तावडे म्हणाला.

भार्गवने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पोरांवर उखडला. ‘‘आणि तुम्ही? न विचारता कुठेही जायचं? जीव गेला ना माझा!’’

‘‘विचारलं की,’’ रेहान म्हणाला.

‘‘कधी?’’

‘‘तू रडत होतास तेव्हा. तू हो म्हणालास.’’

‘‘चला,’’ भार्गव म्हणाला. ‘‘निघायचंय.’’

‘‘राहू द्या की थोडं,’’ तावडे म्हणाला. ‘‘डबे इथेच खातील.’’

‘‘तुम्हाला काय पडलंय एवढं?’’

तावडेचा चेहरा पडला. त्याने ओवीच्या डोक्यावरची टोपी अलगद काढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली, मिशी पुसली. क्षणात पुन्हा दारातला पहारेकरी झाला.

‘‘हाताची घडी,’’ तो पोरांना म्हणाला.

*

परतीच्या वाटेवर पोरं झोपली. ओवी भार्गवच्या दंडावर डोकं टाकून. दंडाला मुंग्या आल्या, पण हलवला तर ती जागी होईल म्हणून तो तसाच बसला. दुसऱ्या हाताने दिगंबरला फोन लावला. वाजला. बंद झाला.

आता मात्र त्याला फारशी चिंता नव्हती. त्याच्याजवळ ते चित्र होतं. अण्णांपुढे कसं बोलायचं, याचे शब्द तो मनात जुळवत होता. थोडक्यात बोलायचं. अण्णांना थोडक्यात आवडतं.

ऊन उतरताना जीप कारखान्यापाशी लागली. पोरं आपापल्या घरी गेली. भार्गव आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

दिगंबर पाटावर बसला होता. हातात बारीक ब्रश, ब्रशावर काळा रंग. पुढ्यात मूर्ती.

थोडक्यात, वगैरे सगळं भार्गवच्या डोक्यातून उडून गेलं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चित्राने जे काही शिकवलं होतं ते पापणी लवायच्या आत धुपून गेलं.

‘‘काय करतोयस?’’

‘‘उंदराची शेपूट,’’ दिगंबर म्हणाला.

उंदराचीच होती. भार्गवने वाकून खात्री करून घेतली. मग रांगेकडे पाहिलं. मूर्तींचे चेहरे सकाळी होते तसेच कोरे होते.

‘‘फोन का नाही उचललास?’’

‘‘विजारीत राहिला. विजार धुवायला गेली.’’

अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले. हातात पाण्याचं भांडं, त्यात कापडाच्या पट्ट्या.

‘‘आलास? उतरला बघ आत्ता कुंदाचा ताप. दिवसभर पट्ट्या ठेवतोय. आज आखणीला बसलोच नाही.’’

भार्गव भांड्याकडे बघत राहिला.

‘‘पोरांनी काय काय बघितलं?’’

‘‘चित्रं... म्हणजे...’’ त्याला आठवेना. ‘‘एक पाऊल बघितलं. मोठं.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘विचारलं नाही.’’

‘‘आवडलं त्यांना?’’

हेही त्याला माहीत नव्हतं. अण्णांनी भांडं खाली ठेवलं, हात पुसले आणि खिडकीपाशी आपल्या जागेवर जाऊन बसले. सवयीने. पाठ करून.

ती पाठ बघितली आणि भार्गवला राहवेना.

‘‘अण्णा, मला कळलं.’’

‘‘काय?’’

‘‘तुम्ही मला तिथे का पाठवलंत ते.’’

अण्णा अर्धे वळले. ‘‘का पाठवलं?’’

‘‘ते चित्र. कोपऱ्यातल्या दालनातलं. बिनडोळ्यांची बाई.’’

‘‘बरं...’’

‘‘सगळं आपल्या हातात असतं, डोळे नसतात. ते येतील तेव्हा येतील. तोवर वाट बघायची. हेच ना?’’

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. दिगंबरचा ब्रश शेपटीवर थांबला होता.

‘‘चांगलं आहे का चित्र?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘म्हणजे? तुम्ही पाहिलंय ना ते?’’

‘‘मी कुठला पाहतोय! मी त्या संग्रहालयात पाऊल टाकलं नाही कधी.’’

भार्गवला वाटलं, आपल्या पायाखालची जमीन कुणीतरी चटई ओढावी तशी ओढली.

‘‘कधीच नाही?’’

‘‘राहून गेलं.’’

‘‘मग... मग ही पारख नव्हती?’’

‘‘कसली?’’

आणि मग भार्गवचा बांध फुटला. सहा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. तो म्हणाला, पुरे झालं! शाडू मळून माझे हात सोलले, मुकुट रंगवून डोळे दुखले. तुमच्या चहातल्या साखरेचासुद्धा मी अर्थ लावत बसलो. तुम्ही बोलत नाही, सांगत नाही, आणि डोळे काढायची वेळ आली की आमच्याकडे पाठ करून बसता. लपवता काय एवढं? आम्ही काय चोर आहोत?

‘‘खिडकी इकडे आहे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘उजेड...’’

‘‘ते काही सांगू नका! मला आखणी करायचीय. मला तो ब्रश हवाय, अण्णा. मला द्या.’’

शब्द तोंडातून गेले आणि मग भार्गवच्या ध्यानात आलं. संपलं. मागितलं आपण. वामनने बजावलं होतं तेच केलं. आता जन्मात मिळायचा नाही. बोचकं बांधायचं आणि निघायचं, एवढंच उरलं. त्याला रडू आवरेना, आणि दिगंबरसमोर रडायचंही नव्हतं.

अण्णांनी हात लांब केला. खिडकीतल्या मडक्यातून आखणीचा ब्रश उचलला. टोकाकडून धरला, दांडी भार्गवकडे केली आणि पुढे धरला.

भार्गव हलला नाही. ब्रशाकडे बघत राहिला, मग अण्णांकडे, मग पुन्हा ब्रशाकडे.

‘‘यात काय आहे?’’ त्याने सावधपणे विचारलं.

‘‘खारीच्या शेपटीचे केस.’’

‘‘तसं नाही, अण्णा...’’

अण्णांचा हात तसाच पुढे होता. म्हातारा हात.

‘‘द्यायचाच होता,’’ भार्गवने विचारलं, ‘‘तर इतकी वर्षं दिला का नाहीत?’’

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. भार्गवने त्यांना कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. ते आज दिसले.

‘‘मला वाटायचं...’’ अण्णा म्हणाले, ‘‘तुला नकोय.’’